भाकरी कोण थापणार? कोल्हापूरच्या तालमींना आणि तरुण मंडळांना खुले पत्र

सर्व तालमींचे वस्ताद, मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि लाल मातीत उतरणाऱ्या पोरांनो,

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत गिरण चालवते. सासऱ्यांनी घातलेली गिरण नवऱ्यानं वाढवली आणि तो गेल्यावर माझ्या हातात आली, त्याला 19 वर्षं झाली. पुढच्या बाजूला दोन जाती आहेत, एक ज्वारीचं आणि एक गव्हाचं. मागच्या पत्र्याच्या खोलीत चटणीचं कांडप, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, आहे. तुमच्यातली बरीच जणं लहानपणी डबा घेऊन माझ्या दारात रांगेला उभी राहिली आहेत, "काकी, आमचं आधी घाला, शाळा हाय" म्हणून भांडली आहेत. त्या ओळखीवर हे लिहिते आहे.

मागच्या महिन्यात एका तालमीच्या सत्कार समारंभाला गेले होते. पाहुणे चांगलं बोलत होते. पोरं मैदानात दिसत नाहीत, पोटं सुटली, तिशीतल्या माणसाला साखर निघते, पाकिटातलं खाणं घरात शिरलं. एकेक शब्द पटत होता. मग ते म्हणाले, "ह्याला कारण आपल्या घरातल्या बायका. त्यांना आता भाकऱ्या थापायला नको वाटतं." आणि टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली एक सून बसली होती. ती शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाते. पहाटे साडेपाचला घर सोडते, त्याच्या आधी दोन डबे भरून ठेवते. तिनं खाली मान घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिचा नवरा होता. माणूस चांगला आहे, कष्टाळू आहे, पण त्या क्षणी त्याच्या लक्षातही आलं नाही की ही टाळी कुणाच्या पाठीवर पडली.

तिथंच उठून बोलायला हवं होतं. मला ते जमलं नाही. म्हणून आता सगळ्यांनाच लिहिते.

घरचं, जाडंभरडं, अख्ख्या दाण्याचं खाणं परत यावं असं मलाही वाटतं, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. त्यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगते: ज्वारी दळायला आली तर माझं घर चालतं. पण स्वार्थ बाजूला ठेवूनही मी जे बघते ते तुम्हाला दिसत नाही. डब्यावरून मला घर कळतं. नाचणा आला की समजायचं, घरात बाळंतीण आहे नाहीतर तान्हं मूल. खपली गहू आला की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. मेतकुटाच्या डाळी भाजून आणल्या की गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो. श्रावणात उपवासाच्या भाजणीचे डबे येतात. तसंच काय यायचं थांबलं, तेही मला कळतं. ज्वारीचं जातं पूर्वी सकाळी सातला सुरू झालं की दुपारपर्यंत थांबत नव्हतं. आता दहाच्या आत मोकळं होतं. हुलगा तर विचारूच नका. माडगं आणि शेंगोळ्यांसाठी हुलगा दळून नेणाऱ्या दोन म्हाताऱ्या होत्या, दोघीही गेल्या. त्यांच्या घरातून आता कुणी हुलगा आणत नाही. मक्याच्या कण्या, जोंधळ्याच्या कण्या भरडायला कुणी येत नाही.

आता ज्वारी घेऊन येणाऱ्यांत नवीन माणसं दिसतात ती दवाखान्यातून आलेली. "डॉक्टरांनी गहू बंद करून भाकरी खायला सांगितलंय," असं म्हणून दोन किलो आणतात. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत निघाला. आमच्या पेठेत हा आकडा मला डब्यांतून दिसतो. ज्या घरात शाळू कधी तुटला नाही त्याच घरात तो औषधाच्या चिठ्ठीवरून परत येतो आहे, आणि तोही फक्त एका माणसापुरता. बाकीचं घर पाव, खारी, बटर, बिस्किटं यांवरच आहे. पोराच्या डब्यात दोन मिनिटांच्या शेवया.

या डब्याचा दोष मी कुणाला देत नाही, कारण मीही हेच केलं आहे. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी सातवीत होती आणि मुलगा चौथीत. सकाळी सहाला गिरण उघडायची, मिरचीच्या हंगामात रात्री नऊपर्यंत कांडप. त्या दोन वर्षांत माझ्या पोरांनी बिस्किटाचे किती पुडे खाल्ले असतील! दारात 40 घरांची ज्वारी दळून होत होती आणि माझ्या घरात भाकरी नव्हती. मला भाकरी नको वाटत होती का? हात शिल्लक नव्हते.

माझी भाची आहारशास्त्र शिकली आहे. तिनं मला समजावून सांगितलं ते गिरणीच्या भाषेत सांगते. माझ्या जात्यात दाणा अख्खा जातो आणि पीठ होऊन अख्खाच बाहेर येतो. कोंडा, आतला अंकुर, मधला गर, सगळं त्यात. मैद्याच्या कारखान्यात रुळांवर दाणा फोडून कोंडा वेगळा काढतात, अंकुर वेगळा काढतात आणि मधला पांढरा गर तेवढा ठेवतात. अंकुरात तेल असतं, तेलामुळं पीठ खवट होतं, म्हणून महिनोन्महिने टिकवायचं तर तो काढावाच लागतो. ज्वारीचं पीठ माझ्याकडं कुणी महिन्याचं एकदम मागितलं तर मी देत नाही. पंधरा दिवसांत विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते. पीठ जिवंत असल्याची ती खूण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत चोथा, म्हणजे फायबर, सुमारे 10 ग्रॅम आहे, मैद्यात 3 ग्रॅमही नाही. 100 ग्रॅम नाचण्यात कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे वजनास वजन धरलं तर म्हशीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पॉलिश केलेल्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमही भरत नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या डोंगरात पिकणारा हा नाचणा आमच्याकडं अजून गरिबाचं धान्य म्हणून बघितला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मैदा ही तर फक्त सुरुवात. मैदा, साखर, पामतेल, मीठ एकत्र करून त्यात रंग, वास, फुगवणारं, चिकटवणारं, चव वाढवणारं घातलं की जे होतं त्याला आता अतिप्रक्रिया केलेलं अन्न म्हणतात. ब्राझीलमधल्या कार्लोस मोन्तेइरो या अभ्यासकानं 2009 च्या सुमारास ही वर्गवारी मांडली. घरातली साधी परीक्षा अशी: पाकिटाच्या पाठीवरची जी नावं आपल्या फडताळातल्या एकाही बरणीवर नसतात, ती जास्त असली की ते खाणं ह्या वर्गातलं. 2019 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 माणसांना महिनाभर दवाखान्यात ठेवून खायला घातलं. दोन आठवडे असलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, मीठ, तेल, चोथा सारखाच राहील असं बघितलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटवाल्या दोन आठवड्यांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन किलोभर वाढलं. तीच माणसं साध्या जेवणावर आली की वजन उतरलं. म्हणजे पोराला "तुला आवरत कसं नाही रे" असं ओरडण्यात अर्थ नाही. ते खाणं आवरूच नये असं बनवलेलं असतं.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. गुळाचंच बघा.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. आमच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं. चिपाडं सारणारा माणूस खाली, वर काहिलीत उसाचा रस. रानभेंडीचं ठेचलेलं खोड पाण्यात चोळून तो चिकट रस काहिलीत घालायचा, की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. मग रस आटतो, काकवी होते, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, आणि गुळव्या बोटभर पाक पाण्यात टाकून गोळी बघतो. त्या एका क्षणावर सगळं आधण असतं. पुढं वाफ्यात ओतून, घोटून रवे भरायचे. तो गूळ तांबूस, काळपट असायचा. बाजारात मात्र पिवळाधमक गूळ मागू लागले. गूळ पिवळा दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉसची, म्हणजे रंग उडवणाऱ्या रसायनाची, पावडर पडू लागली. शेतकऱ्याला ती आवडत होती म्हणून नव्हे, पिवळ्या गुळाला दर मिळत होता म्हणून. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद मलाही आहे, पण पेठेतल्या दुकानात उभं राहून "पिवळा द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आपणच आहोत. काळा गूळ मागायला लागा, तो पिकवणारी माणसं जिल्ह्यात आहेत. आणि काळा झाला तरी गूळ ही बहुतांशी साखरच. त्यात लोह आणि क्षार थोडे असतात, तेवढ्यावर मधुमेहाच्या माणसानं चहात दोन खडे टाकावेत असं होत नाही.

तसंच जुन्या कष्टांचं. माझी सासू पहाटे चारला उठून जात्यावर दळायची. तिच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे होते, ते मरेपर्यंत गेले नाहीत. सासऱ्यांनी गिरण घातली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मोटारीची ओटी भरली होती, असं ती सांगायची. कुणीही रडलं नाही की जात्यावरच्या ओव्या गेल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गिरण हेही यंत्रच. पण तिनं बाईचे कष्ट घेतले आणि दाणा अख्खा ठेवला. पाकिटानंही बाईचे कष्ट घेतले, पण दाण्यातलं सत्त्व काढून घेतलं. मग आज आपल्याला हवं आहे ते गिरणीसारखं काहीतरी: ज्यानं ताजी भाकरी, घरची चटणी, ताक, आंबील परत येईल आणि त्याचा भार पुन्हा एकाच बाईच्या खांद्यावर पडणार नाही. हे एकेका घरात होणार नाही. ते पेठेनं करायचं काम आहे. आणि कोल्हापुरात पेठेनं करायचं काम म्हणजे तालमीचं काम, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणूनच हे पत्र मी महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला न लिहिता तुम्हाला लिहिते.

पुरुषांनी अन्नाला हात लावायचा ही गोष्ट तालमीला नवी नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान 1912 साली उभं राहिलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानाचा खुराक कोण करत होतं? तालमीत राहणारी पोरं स्वतः करत होती, आजही करतात. गावाकडनं आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं पहाटे जोर-बैठका मारतात, मेहनत झाली की बदाम सोलतात, खसखस, मिरी आणि बदाम कुंडीत घालून दांड्यानं तासतासभर घोटतात. थंडाई तशी होते. स्टोव्हवर अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, उकळतं, पोरं पाळीपाळीनं कणीक मळतात, भांडी घासतात. आमच्या गिरणीत तालमीचं दळण घेऊन एक पोरगा यायचा. जाड पिठाची भाकरी आणि बारीक पिठाची भाकरी यातला फरक त्याला माझ्यापेक्षा चांगला कळायचा. त्याला कुणी "बायकी काम" म्हटलं नाही, कारण ती ताकदीची गोष्ट होती. मग हाच पोरगा लग्न करून घरी गेला की त्याचे हात कुठं जातात? हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारत नाही. खरंच विचारते.

आणि 2019 चा महापूर आठवा. पंचगंगा चढली, निम्मं शहर पाण्यात, गॅस नाही, वीज नाही. पाकिटं वाटून किती जणांना पुरणार? तेव्हा आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्यांच्या पाट्या आल्या. चटणी, भाकरी, कांदा, कोरडा झुणका. कागदात गुंडाळलेली भाकरी दोन दिवस टिकली आणि पोटाला आधार देऊन गेली. आमच्या भागात मंडळाच्या पोरांनी चुली मांडल्या. माझ्या गिरणीत वीज नव्हती, म्हणून पलीकडच्या उंच भागातल्या गिरणीतून पीठ आणलं आणि मंडपाखाली आम्ही 20-25 जणी भाकऱ्या थापायला बसलो. दुसऱ्या दिवशी हात भरून आले तेव्हा चार पोरं आमच्या शेजारी बसली. त्यांच्या भाकऱ्या नकाशासारख्या होत होत्या, कडा फाटत होत्या, पण भाजून खाल्ल्या की पोटात सारख्याच. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या एकाची भाकरी टम्म फुगायला लागली. तो आता मंडळाचा खजिनदार आहे. हे वाचत असेल तर त्याला आठवेल.

तेव्हा जे आठवडाभरात उभं राहिलं ते आता सवडीनं का उभं राहू नये?

माझी पहिली मागणी जागेची आहे. बऱ्याच तालमींची इमारत दुपारी रिकामी असते, मंडळांचे हॉल सणापुरते उघडतात. त्यातली एक खोली पेठेतल्या बचत गटाला पोळी-भाकरी केंद्रासाठी द्या. भाडं घेऊ नका. ताजं दळलेलं पीठ, चांगला तवा, दोन शेगड्या आणि चार बायकांना रोजचा रास्त मोबदला. एमआयडीसीतून थकून येणारी सून जाताना दहा भाकऱ्या विकत घेऊन जाईल, घरी फक्त आमटी करील. भाकरी थापणं हे कौशल्य आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो, उकळतं पाणी घालून नीट मळलं तरच ती थापता येते, आणि हात बसायला वर्षं लागतात. घरात तिला कुणी पैसे देत नव्हतं म्हणून ते कौशल्य आपल्याला फुकटचं वाटलं. त्याची मजुरी द्या, मग बघा किती जणींना भाकरी थापायला नको वाटतं.

दुसरं, चटणी. कोल्हापुरात चटणी विकतची आणतात, हे मला अजून पटत नाही. पण कारण मला ठाऊक आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळवायची, देठं काढायची, धणे, जिरे, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर एकेक वेगळं भाजायचं, कांदा-लसूण तळायचा, मग कांडपावर रांग लावायची, घरी आणून चाळायची, हिंगाचे खडे घालून बरणी भरायची. आठवड्याचं काम आहे, त्यात गच्ची नसलेली घरं. पण तालमीला गच्ची आहे, पटांगण आहे, आणि देठं काढायला 30 पोरांचे 60 हात आहेत. फाल्गुनात एक रविवार पेठेची चटणी म्हणून ठरवा. मिरची सगळ्यांची मिळून थेट शेतकऱ्याकडून घ्या. भाजायला आम्ही बायका आहोत, उचलायला, वाळवायला, कुटायला, चाळायला तुम्ही या. माझं कांडप त्या दिवशी दुसरं कुणाचं घेणार नाही. मिरचीची धसक बसते, नाकाला रुमाल बांधावा लागतो, दोन दिवस हातांची आग होते. ती एकदा तुमच्याही हातांना झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तिसरं लहान पोरांबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका मंडळानं मुलांच्या स्पर्धेत दहा-बारा वर्षांच्या पोरांना ताकद देणाऱ्या पेयाचे डबे वाटले. प्रायोजक मिळाला होता. त्या डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे लहान मुलांसाठी आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी नाही. तसं छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे, कारण त्यात कॅफिन जास्त असतं. ते वाचायला कुणाला सवड झाली नाही. साध्या थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीतही साधारण 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की मोठ्या माणसानंही वरून घातलेली साखर दिवसाला तेवढ्यातच ठेवली तर बरं. एका बाटलीत दिवस संपला. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. तो पाळला जातो का हे बघायला साहेब येईल तेव्हा येईल. मंडळाचा शब्द मात्र गल्लीतला टपरीवाला रोज ऐकतो. त्याला दम देऊ नका, तोही पोटासाठीच बसलाय. त्याला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या, केळी, उकडलेली कणसं, ताक ठेवायला सांगा आणि तुमची सगळी खरेदी त्याच्याकडून करा.

सराव झाला की फुटबॉलच्या पोरांना काय द्यायचं, असं मला एकानं विचारलं. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, डोळ्यांदेखत धार काढून दूध देतात. पण रोज दूध परवडत नसेल तर नाचण्याची आंबील करा. नाचण्याचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. 50 पोरांना होईल एवढी आंबील 50 पाकिटांच्या निम्म्या पैशात होते, हा माझा हिशेब आहे, पाहिजे तर करून दाखवते. मार्गशीर्षात रेणुकेच्या आंबील यात्रेला आपण सगळे जातो, आंबील, घुगऱ्या, वरणं-वांगं, भाकरीचा नैवेद्य दाखवतो, ओढ्याकाठी बसून पंगतीनं खातो. देवीला आवडतं ते पोरांच्या पोटाला चालतंय की.

महाप्रसादाबद्दल माझी फार तक्रार नाही. अजून तरी तो मोठ्या भांड्यांत शिजतो, लोक पंगतीला बसतात. तयार मसाल्याच्या पुड्या आणि पामतेलाचे डबे तेवढे टाळा. त्या पुड्यांच्या जागी पेठेची चटणी जाऊ दे. एक दिवस पुरीऐवजी खपली गव्हाची खीर आणि भाकरी-वांगं ठेवून बघा.

एक शंका मला माहीत आहे, कारण ती माझ्या मुलानंच काढली. म्हणाला, "आई, पोरं खाणार नाहीत." पहिल्या दिवशी नाही खाणार. ज्यांच्या जिभेला जन्मापासून पाकिटातली चव आहे त्यांना आंबील आंबट लागणार, भाकरी कोरडी लागणार. पण तालमीत पहिल्या दिवशी कुणाला हजार बैठका जमतात? वस्ताद पाच-पन्नासापासून सुरुवात करतात आणि स्वतः बरोबर बसतात. तसंच करा. वस्तादानं, अध्यक्षानं पोरांच्या पंगतीत बसून आंबील प्यायली तर पोरं पितील. अध्यक्ष आत वेगळं खातात आणि पोरांना आंबील, असं झालं तर मात्र कुणी पिणार नाही.

आणि त्या सत्काराला टाळ्या वाजवलेल्या माझ्या शेजारच्या पोराला एवढंच सांगायचं आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी भाकरी तू कर. आईला विचारून शिक, नाहीतर माझ्याकडं ये. बायकोला मदत म्हणून करू नकोस. तुझ्या घरातल्या पोरांना बापाच्या हातची भाकरी मिळावी म्हणून कर.

आता श्रावण संपत आला, गणपती तोंडावर आहेत. तुमच्या बैठका सुरू झाल्या असतील. ज्या मंडळांना या वर्षी महाप्रसादात किंवा मुलांच्या स्पर्धांना ज्वारी, नाचणा, खपली वापरायची असेल त्यांचं दळण मी फुकट दळून देईन. धान्य निवडून, उन्हाची तिरीप आली की वाळवून आणा, ओलसर ज्वारी जात्याला चिकटते. सोमवारी गिरण बंद असते. बाकी दिवशी संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा जातं मोकळं असतं आणि मला बोलायला सवडही असते. डबा झाकणाचा आणा. परवा एका पोरानं उघड्या पिशवीत पीठ नेलं आणि बिंदू चौकापर्यंत जाईतो निम्मं भिजलं.

तुमची,
गिरणीतली काकी
मंगळवार पेठ, कोल्हापूर